प्रयोगाआधीं शेत मोजावें

खरिपाची मळणी आटोपून रब्बीचा पेरा सुरू झाला, म्हणजे आपल्या मासिकाच्या टपालांत एका ठराविक प्रकारचीं पत्रें येऊं लागतात. अमक्या वाणानें जुन्यापेक्षां एकरीं दीड क्विंटल उतारा अधिक दिला, तमक्या द्रावणाच्या दोन फवाऱ्यांनीं सोयाबीनला शेंगा दाट लागल्या, अमुक पूड बियाण्यास चोळल्यामुळें बाजरीचें कणीस वीतभर वाढलें, असा त्यांतील मजकूर असतो. सोबत पाटीजवळ उभ्या असलेल्या शेतकऱ्याचें छायाचित्रहि असतें. हीं पत्रें लिहिणारे सारेच लबाड असतात असें मुळींच नाहीं. बहुतेकांनीं खरोखर दोन वाफे पेरलेले असतात, दोहोंचें वजन केलेलें असतें, आणि आंकडाहि जसा आला तसाच कळविलेला असतो. माझा आक्षेप त्यांच्या सचोटीवर नाहीं. त्या दोन्ही वाफ्यांत एकच बीं आणि एकच खत घातलें असतें, तर त्यांचा उतारा सारखा आला असता काय, एवढा एक प्रश्न त्या पत्रांत कोठेंहि विचारलेला नसतो. आणि त्याचें उत्तर हातीं नसतां पुढचा सारा हिशेब व्यर्थ होतो, असें माझें म्हणणें आहे.

शेत एकजीव नसतें हें शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको. वाटेनें जाणाऱ्यास सगळी काळी जमीन एकसारखी दिसते. नांगर धरणाऱ्यास मात्र पावलोपावलीं फरक लागतो. शेताच्या वरच्या अंगास मुरूम लवकर लागतो, खालच्या अंगास पोयटा सांचून मातीची खोली वाढलेली असते. बांधावरच्या बाभळीच्या सावलीनें आणि मुळ्यांनीं दोन-तीन ओळी मारल्या जातात, तर मोकळ्या कडेच्या ओळींना हवा व ऊन जास्त मिळून त्या उगीच फुगतात. आजोबांच्या वेळचें खळें जेथें होतें ती जागा, उकिरड्याची जागा, मोडून टाकलेल्या बांधाची पट्टी, एखाद्या उन्हाळ्यांत धनगराचीं मेंढरें बसविलेला कोपरा, या सर्वांच्या खुणा पुढच्या पिकांत उमटत राहतात. हल्लीं त्यांत नव्या कारणांची भर पडली आहे. यंत्रानें सपाटीकरण करतांना उंचवट्यावरची चांगली माती खरवडून खोलगटांत ढकलली जाते. मग शेत दिसावयास तळहातासारखें, पण अर्धें सकस आणि अर्धें उघडें पडलेलें, असें होतें. ठिबकाच्या नळीच्या तोंडाशीं व शेवटीं पाण्याचा दाब सारखा राहत नाहीं. पाटाच्या पाण्याचें तर विचारूंच नये. अशा शेतांत दोन वाफे शेजारीं शेजारीं आंखले एवढ्यावरून ते बरोबरीचे झाले असें धरून चालणें हें धाडसच होय.

मला हें धाडस महाग पडलें आहे, म्हणून थोडें स्वतःचें सांगतों. २०१८ सालच्या खरिपांत बियाणें विकणाऱ्या एका कंपनीच्या प्रतिनिधीनें माझ्या शेतांत सोयाबीनच्या नव्या वाणाचें प्रात्यक्षिक घेतलें. रस्त्यालगतचा तुकडा त्यास पाटी लावण्याच्या दृष्टीनें सोयीचा वाटला. जुना वाण त्याच्या पलीकडे पेरला. काढणीच्या दिवशीं नव्याचा उतारा चांगलाच अधिक भरला, गांव जमलें, हारतुरे झाले, आणि पाटीवर वाणाच्या नांवाखालीं माझें नांव आलें. पुढच्या वर्षीं गांवांतील पुष्कळ घरांनीं तेंच बीं चढ्या भावानें घेतलें आणि कोणासहि तसा फरक आढळला नाहीं. त्या रस्त्यालगतच्या तुकड्यांत चैत्रांत तीन रात्री मेंढरें बसलीं होतीं हें मला ठाऊक होतें. समारंभाच्या दिवशीं तें मनांत आलेंहि होतें. परंतु पाटीवर नांव लागलें म्हणजे माणसाची जीभ जड होते. नंतर एक शेजारी एवढेंच म्हणाला, “आबा, तुमच्या शब्दावर बीं घेतलें होतें.” प्रतिनिधीस मेंढरांची हकीगत माहीत नव्हती. मला होती. त्यामुळें या बाबतींत त्याच्यापेक्षां माझाच दोष अधिक, असें मी समजतों.

असो. हा प्रश्न नवा नाहीं. शेतांतील फरक मोजण्याचा एक अत्यंत चिकाटीचा प्रयत्न इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथील प्रयोगक्षेत्रावर झाला. लॉज या जमीनदारांनीं तें १८४३ सालीं सुरू केलें व गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञांच्या साह्यानें ब्रॉडबॉक नांवाच्या शेतांत गव्हावर खतांचे जे प्रयोग आरंभिले, ते आजतागायत चालू आहेत. खतांसंबंधींचें आपलें कितीतरी ज्ञान त्या शेताचें देणें आहे. तथापि त्या थोर प्रयोगांतहि एक उणीव होती. प्रत्येक खतास एकेकच लांब पट्टी दिलेली होती. वर्षानुवर्षें तोच प्रयोग चालविल्यानें पावसापाण्याचा फरक निघून जातो हें खरें. पण पट्टीच्या मुळच्या मातीचा गुण किंवा अवगुण त्या पट्टीस कायमचा चिकटून राहतो, आणि खताचा परिणाम कोणता व मातीचा कोणता हें वेगळें काढावयास साधन उरत नाहीं.

त्याच रॉथॅमस्टेडला हॉल हे संचालक असतां त्यांनीं व मर्सर यांनीं १९१० सालच्या हंगामांत एक विलक्षण काम केलें. गव्हाच्या शेतांतून डोळ्यांस अगदीं एकसारखा दिसणारा एक एकराचा तुकडा त्यांनीं निवडला. बीं एक, खत एक, मशागत एक. कांहींहि नवें करून पाहावयाचें नव्हतें. कापणीच्या वेळीं त्या एका एकराचे ५०० वाफे पाडले आणि प्रत्येक वाफ्याचें धान्य निराळें व काड निराळें तोललें. सरासरी वाफ्यामागें धान्य भरलें ३.९५ पौंड. सर्वांत हलका वाफा २.७३ पौंडांचा निघाला आणि सर्वांत जड ५.१६ पौंडांचा. म्हणजे एकाच बियाण्याच्या, एकाच खताच्या, एकाच दिवशीं कापलेल्या आणि निवडून घेतलेल्या एकरांत उत्तम वाफा निकृष्ट वाफ्याच्या जवळजवळ दुप्पट! संख्याशास्त्रांत ज्यास प्रमाण विचलन म्हणतात तें सरासरीच्या सुमारें साडेअकरा टक्के आलें. सोप्या शब्दांत सांगावयाचें तर, साधारणतः दर तीन वाफ्यांपैकीं एक वाफा सरासरीपासून साडेअकरा टक्क्यांहून अधिक वर किंवा खालीं होता. त्यांतील एखाद्या जड वाफ्यावर कोणीं आपल्या औषधाची पाटी ठोकली असती व हलक्या वाफ्यास ‘औषधाविना’ असें म्हटलें असतें, तर काय बातमी झाली असती याचा वाचकांनींच विचार करावा.

हे आंकडे त्यांनीं १९११ सालीं प्रसिद्ध केले. तेव्हांपासून अनेक संख्याशास्त्रज्ञांनीं ते पुनःपुन्हा तपासले आहेत. त्या एकरांत एका दिशेनें लाटेसारखा चढउतार दिसतो, आणि फार पूर्वींच्या नांगरटीनें पडलेल्या वरंब्यांचा व सऱ्यांचा तो अवशेष असावा असा तर्क त्यांपैकीं कांहींनीं केला आहे. मोडलेल्या बांधाची पट्टी पिकांत कशी उमटते हें पाहिलेल्या आपल्या लोकांस त्यांत नवल वाटणार नाहीं.

मर्सर व हॉल यांनीं काढलेला निष्कर्ष आपल्या फार उपयोगाचा आहे. लहान लहान वाफे एकत्र जोडून त्यांनीं मोठ्या वाफ्यांचा हिशेब करून पाहिला. वाफा जसजसा मोठा करावा तसतसा फरक कमी होतो, परंतु एकराच्या चाळिसाव्या हिश्शापुढें वाफा वाढविण्यांत फारसा फायदा राहत नाहीं, असें त्यांस आढळलें. एकराचा चाळिसावा हिस्सा म्हणजे आपला गुंठा, तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद. सातबाऱ्यावर आर आला तरी बोलण्यांतून गुंठा गेलेला नाहीं, आणि दोहोंत अंतरहि नांवापुरतेंच आहे. म्हणजे प्रयोगाचें योग्य माप पूर्वजांनीं आपल्या हातीं तयारच दिलेलें आहे. त्यापुढें मात्र एका वाफ्यावर थांबूं नये. तुलना करावयाच्या प्रत्येक वाणास किंवा खतास असे पांच वाफे द्यावे व ते शेतभर विखरावे, म्हणजे प्रयोगांतील चूक दोन टक्क्यांच्या आंत आणतां येईल, अशी त्यांची शिफारस होती. दोन टक्के हें इंग्लंडच्या त्या शेतापुरतें. आमच्या मुरमाड उतारावर चूक इतकी खालीं येईल अशी आशा मी करीत नाहीं.

पांच गुंठ्यांचा एकच मोठा वाफा कां करूं नये, असें पुष्कळजण विचारतात. त्याचें उत्तर धान्याच्या व्यापाऱ्यास विचारावें. पोत्यांतील धान्य पारखतांना तो एकाच जागेवरून मोठी ओंजळ काढीत नाहीं. वरून, खालून, कडेनें अशा चार मुठी काढतो. एका जागचें धान्य एका जातीचें असतें, तशीच एका जागची माती एका गुणाची असते. माती जर खळ्यांतल्या राशीसारखी कालवलेली असती, तर वाफा चौपट केला असतां विचलन निम्म्यावर आलें असतें. प्रत्यक्षांत तें तितकें खालीं येत नाहीं, कारण शेजारचा गुंठा शेजाऱ्याचाच स्वभाव घेतो. फेअरफील्ड स्मिथ यांनीं १९३८ सालीं निरनिराळ्या पिकांचे असे आंकडे एकत्र करून याचा नियमच बसविला: शेजारच्या वाफ्यांचा स्वभाव जितका जुळता, तितका वाफा मोठा करण्याचा फायदा कमी. पांच गुंठे एकत्र घेऊन एकच साक्षीदार मिळतो. विखरून घेतल्यास पांच मिळतात.

विखरावयाचे, पण कसे? येथें पुष्कळांची फसगत होते. नवा, जुना, नवा, जुना अशी ओळीनें मांडणी डोळ्यांस सुबक दिसते. उतारावरून खालीं अशी मांडणी केली तर प्रत्येक जोडींत नवा वाण वर आणि जुना खालीं राहतो. मातीचा उतार दरवेळीं एकाच पक्षाच्या पारड्यांत पडतो. शेतकऱ्यानें आपल्या मर्जीनें जागा निवडावी म्हटलें, तर नव्या, महाग बियाण्यास तो नकळत बरी जागा देतोच. मी स्वतः दिली असती. फिशर हे १९१९ सालीं रॉथॅमस्टेडला आले. तेथील जुन्या नोंदी चाळतां चाळतां त्यांनीं या अडचणीचा असा कांहीं उलगडा केला कीं, आज जगांतील कोणत्याहि प्रयोगक्षेत्रावर जावें, त्यांचीच रीत चालूं आहे. १९२५ व १९३५ सालच्या त्यांच्या ग्रंथांत तिचें सविस्तर विवेचन आहे. शेताचे असे गट पाडावे कीं एका गटाच्या आंत जमीन शक्य तितकी सारखी असेल. प्रत्येक गटांत प्रत्येक वाणास एक वाफा द्यावा. आणि गटाच्या आंत कोणता वाफा कोणास, हें चिठ्ठी टाकून ठरवावें. चिठ्ठीस ना कंपनी ठाऊक, ना शेतकरी, ना मेंढरें.

ही रीत परकी वाटण्याचें कांहींएक कारण नाहीं. भाऊ वेगळे होतात तेव्हां आपण काय करतों? एकास सगळी मळई व दुसऱ्यास सगळा माळ देत नाहीं. प्रत्येक जमिनीचे जेवढे भाऊ तेवढे हिस्से पाडतों, बागाइतींत प्रत्येकाचा हिस्सा, जिराइतींत प्रत्येकाचा हिस्सा, आणि मग घरांतल्या लहान मुलाकडून चिठ्ठ्या उचलवितों. हीच फिशर यांची रीत होय. गंमत अशी कीं, जी वांटणी प्रयोगास तारते तिनेंच शेतीस मारलें. हॅरल्ड मॅन यांनीं पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी १९१७ सालीं प्रसिद्ध केली, तींत जमिनीचे किती बारीक तुकडे पडले होते हें दाखविलें आहे. पुढें १९४७ सालीं मुंबई इलाख्यांत तुकडेबंदीचा कायदा आला. हेच मॅन हिंदुस्थानांतून परतल्यावर कित्येक वर्षें वोबर्न येथील प्रयोगक्षेत्रावर काम करीत होते. तुकड्यांचे दोन्ही गुण पाहिलेला असा माणूस विरळा.

चिठ्ठीच्या बाबतींत सर्वांचें एकमत झालें असें मात्र नाहीं. गॉसेट हे डब्लिनच्या गिनेस मद्यालयांत नोकरीस होते, आणि मालकांच्या नियमामुळें ‘स्टुडंट’ या टोपणनांवानें लिहीत. थोड्या वाफ्यांवरून कितपत खात्रीनें बोलतां येतें याचें गणित त्यांनीं १९०८ सालीं दिलें. मर्सर व हॉल यांच्या निबंधास पुरवणीहि त्यांनींच जोडली. त्यांचा संबंध सातूच्या प्रत्यक्ष पिकाशीं होता. शेताचा उतार डोळ्यांपुढें दिसत असतां तो विसरून चिठ्ठीवर भार टाकणें त्यांस पटेना, आणि १९३७ सालीं निधन होईपर्यंत सुव्यवस्थित मांडणीची बाजू त्यांनीं सोडली नाहीं. शेतकरी या नात्यानें मला त्यांच्याविषयीं ममत्व वाटतें. त्यांच्यासारखा सूक्ष्म डोळा असेल तर त्यांची मांडणी कदाचित् अधिक नेमकी ठरेल. पण आमच्याकडे त्या डोळ्याबरोबर पाटी, हार आणि कमिशन हींहि येतात. म्हणून माझें मत फिशर यांच्या बाजूस आहे.

एक उदाहरण घेऊन पाहूं. आंकडे कल्पित आहेत, केवळ हिशेब समजावा म्हणून. ज्वारीचा नवा वाण व जुना वाण, पांच गट, प्रत्येक वाफा एक गुंठ्याचा. पहिल्या गटांत नव्याचें धान्य २७ किलो, जुन्याचें २४. दुसऱ्यांत २२ आणि २३. तिसऱ्यांत २९ आणि २५. चौथ्यांत दोन्हीं २४. पांचव्यांत २८ आणि २४. नव्याची सरासरी २६, जुन्याची २४. गुंठ्यास दोन किलो म्हणजे एकरीं ८० किलोंचा फायदा दिसतो. ज्यानें तिसऱ्या गटाएवढाच प्रयोग केला असता तो एकरीं १६० किलो अधिक असें छापून मोकळा झाला असता. ज्यानें दुसराच गट पाहिला असता त्यानें नव्या वाणास नांवें ठेविलीं असतीं. आतां फरकांकडे पाहा: अधिक तीन, उणें एक, अधिक चार, शून्य, अधिक चार. फरकाची सरासरी दोन, पण ते आपसांत इतके विखुरलेले आहेत कीं ‘स्टुडंट’ यांच्या गणितानें पाहतां खरा फरक एकरीं ३६ किलो तोट्यापासून १९६ किलो फायद्यापर्यंत कोठेंहि असूं शकेल. म्हणजे नवा वाण बरा असण्याचा संभव दिसतो, परंतु सिद्ध कांहीं झालें नाहीं. आणखी गट हवे, किंवा आणखी एक हंगाम हवा. असें प्रामाणिक उत्तर पाटीवर शोभत नाहीं. मात्र त्यावर बियाण्याचे पैसे खर्च करावे कीं नाहीं हें शेतकऱ्यास ठरवितां येतें. सरासरीबरोबर विखुरणें सांगितलें नाहीं तर तेवढेंहि ठरवितां येत नाहीं.

या शास्त्राच्या घडणींत आपल्या लोकांचा वांटा मोठा आहे. इंदूर येथील संस्थेंत हचिन्सन व विनायक गोविंद पानसे यांनीं कापसाच्या प्रयोगांसाठीं वाफा केवढा, कोणत्या आकाराचा व कसा मांडावा याचा अभ्यास करून तो १९३५ सालीं प्रसिद्ध केला. पानसे आणि सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे या दोघांनीं १९५४ सालीं शेतकी संशोधकांसाठीं संख्याशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला, त्यावर देशांतील संशोधकांच्या पिढ्या तयार झाल्या. सुखात्मे यांनीं १९४० नंतरच्या दशकांत आणखी एक गोष्ट दाखवून दिली. पीक-कापणीसाठीं फार लहान वाफा घेतला तर उतारा खऱ्यापेक्षां अधिक येतो. प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा कल लहान वाफ्यांकडे होता, आणि या दोघांचा वाद त्या काळीं चांगलाच गाजला. कारण समजावयास कठीण नाहीं. दोरीवर आलेलें ताट आंत धरावें कीं बाहेर, असा प्रश्न पडला कीं हात बहुधा आंत धरण्याकडे वळतो. दोरी चारी बाजूंस पांच सेंटिमीटर बाहेर गेली असें धरूं. एक मीटर चौरस वाफा मग २१ टक्के मोठा होतो. दहा मीटर लांब व पांच मीटर रुंद वाफा केवळ ३ टक्के. महाराष्ट्रांत पुष्कळ पिकांच्या कापणीस दहा बाय पांचचा वाफा घेतात तो उगीच नव्हे. २०१६ सालच्या पीकविमा योजनेंत नुकसानभरपाईचा हिशेब अशा कापण्यांच्या सरासरीशीं बांधलेला असल्यामुळें, दोरी कोठें पडते हें पाहण्यास शेतकऱ्यानें तेथें हजर राहणें अगत्याचें आहे. पण ती सरासरी मंडळाची असते. तिजवरून आपल्या शेताची किंवा एखाद्या वाणाची परीक्षा करूं जाणें चुकीचें.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला असा कीं, हें काम कृषि विद्यापीठांचें आहे. तेथें ही शिस्त पाळतात हें मला मान्य आहे. ती सुटते ती विद्यापीठाच्या बांधावरून आमच्या बांधावर येतांना. विद्यापीठाच्या शेताची माती म्हणजे माझ्या शेताची माती नव्हे, सबब शेवटचा प्रयोग मलाच करावा लागतो. दुसरा आक्षेप, आतां यंत्रें आलीं आहेत. कापतां कापतां उतारा नोंदणारीं यंत्रें परदेशांत रूढ झालीं आहेत आणि उपग्रहाचीं चित्रें येथेंहि मिळतात. चित्रांवरून कोठें हिरवें व कोठें पिवळें हें छान कळतें, त्याचा उपयोग जरूर करावा. दाणा मात्र तोलल्याशिवाय कळत नाहीं. तिसरा आक्षेप वजनदार आहे. शेताचा नकाशा एका वर्षाचा खरा, दुसऱ्या वर्षीं खोटा ठरूं शकतो. खोलगट जागेंतलें पीक अतिवृष्टींत पाणी सांचून पिवळें पडतें, तर अवर्षणांत तीच जागा सर्वांत शेवटीं सुकते. म्हणूनच एका हंगामाच्या नकाशास वेदवाक्य मानूं नये. गट पाडण्यास तो मार्गदर्शक, आणि चिठ्ठी त्यानंतरहि टाकावीच.

माझी सूचना आपल्या संघापुढें अशी आहे. ज्या शेतांत यापुढें प्रात्यक्षिकें घ्यावयाचीं, तेथें आधीं एक हंगाम कांहींच नवें करूं नये. एकच बीं, एकच खत, एकच मशागत. पेरणी शक्यतो एका दिवसांत. काढणीच्या वेळीं कडेच्या ओळी अगोदर काढून बाजूस ठेवाव्या आणि उरलेल्या शेताचे दोरीनें गुंठ्या-गुंठ्याचे वाफे पाडावे. वाफ्यांतील ताटें मोजावींत, नाहींतर पेरणींतील खाडे मातीच्या माथीं बसतात. कणसें सर्व वाफ्यांचीं सारखीं वाळवून तोलावीं. मळणी करावयाची तर प्रत्येक वाफ्यानंतर यंत्र झाडून घ्यावें. चौकटीच्या कागदावर शेत काढून त्यांत वजनें भरावीं. दोन एकरांस ऐंशी वाफे होतात, म्हणजे दोन-तीन दिवसांचें काम. एक हंगाम वायां गेला असें कोणी म्हणेल. पीक तर घरीं आलेलेंच असतें. वायां गेला तो पाटीचा मान.

दुसरी सूचना या मासिकाच्या संपादकांस. ज्या पत्रांत प्रत्येक वाणास वाफे किती दिले, ते केवढे होते, जागा कोणीं व कशी ठरविली, आणि सर्वांत कमी व सर्वांत अधिक वजन किती भरलें हें लिहिलेलें नसेल, तें पत्र ‘प्रयोग’ या मथळ्याखालीं छापूं नये. ‘अनुभव’ म्हणून खुशाल छापावें. अनुभवासहि मोल आहे, आणि शेजाऱ्याची हकीगत वाचावयास सर्वांसच आवडते. त्यामुळें आरंभीं ‘प्रयोग’ हें सदर कांहीं महिने रिकामें राहील, कांहीं जाहिरातदार रुसतील, आणि माझ्यासारख्यांचीं छायाचित्रें छापलीं जाणार नाहींत. तसें झालें तरी चालेल असें मला वाटतें.

यंदा मीं रस्त्यालगतच्या त्या तुकड्यासह दोन एकरांत मालदांडीचें एकच बीं पेरलें आहे. काढणी फाल्गुनांत येईल. दोरी, खुंट्या आणि काटा माझ्याकडे आहे. वजनें मांडून घेण्यास दोन माणसें हवीं आहेत. ज्या सभासदांस यावयाचें असेल त्यांनीं संघाच्या कचेरींत नांव द्यावें. जेवण माझ्याकडे.